नान मूनच्या दारावरची पट्टी

धुराचे महिने लागले की थुंग-फाय गावाला डोंगर दिसत नाही. वरच्या रानात वणवे लागतात, खालच्या शेतांत लोक धसकटं पेटवतात, आणि तो सगळा धूर खोऱ्यात उतरून रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा बसून राहतो. हुसकला तरी उठत नाही. सूर्य विझत्या निखाऱ्यासारखा वर येतो. माणसं आधी खोकतात, मग एकमेकांना हाका मारतात. त्या वर्षी हे जरा फारच लांबलं. आंब्याचा मोहर काळा पडून गळाला. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसती पानं होती.

चान्फोंगला जाग आली की ती डोळे उघडण्याआधी कान उघडायची. शेजारच्या चटईवर नवऱ्याचा, नान मूनचा, श्वास घरघरत असायचा. ओल्या लाकडात करवत चालावी तसा. करवत चालू आहे हे कळलं की ती उठायची, चूल पेटवायची, रात्रभर भिजलेला चिकट तांदूळ वेताच्या टोपलीत घालून वाफेवर ठेवायची. मग लेकीला हाक.

"आम्फाय, ये गं. कूस बदलायचीय."

दोघी मिळून त्याला कलंडवायच्या. एके काळी दोन पोती भात खांद्यावर घेऊन जिना चढणारा गडी. आता उजवं अंग लाकूड झालेलं, डावं अंग नुसतं कातडं. पाठीवर, कमरेवर जखमा पडल्या होत्या. एक तर इतकी खोल, की आम्फाय ती धुताना तोंड फिरवून श्वास घ्यायची. पाणी लागलं की त्याच्या घशातून आवाज निघायचा. शब्द नाही, नुसता आवाज. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बांधावर पडला तेव्हापासून एक शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

"बाबा, झालं हं, झालं," आम्फाय म्हणायची. "आई, आज कालच्यापेक्षा बरं दिसतंय ना?"

"बरं दिसतंय," चान्फोंग म्हणायची.

मग ती त्याचे पाय धुवायची. हे काम तिनं लेकीला कधी दिलं नाही. त्याची पावलं लांब, बोटं पसरट. जन्मभर चिखलात रोवलेली. आता ती आत वळली होती, वाळल्या पानांसारखी. धुताना ती त्याच्या तोंडाकडं बघायची, आणि तो बघायचा भिंतीकडं. रोज त्याच भिंतीकडं. सिमेंटची कोरी भिंत, वर एक पाल. दार तर पायाशी होतं.

आम्फाय म्हणायची, "बाबा भिंतीकडं काय बघतात गं?"

चान्फोंगला ठाऊक होतं. जुन्या घरात निजायच्या खोलीचं दार त्या बाजूला होतं.

*

जुनं घर आता विहाराच्या आवारात उभं होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधे अख्खं गाव आणि एक बांबूचं बन. विहारातली मोठी घंटासुद्धा वारा तिकडून असला तरच आम्फायच्या घरी ऐकू यायची.

सागवानी घर, खांबांवर उभं, पुढं ऐसपैस ओसरी. नान मून पडला तेव्हा त्याला उचलून ते जिने चढणं-उतरणं होईना, म्हणून लेकीच्या जमिनीलगतच्या नव्या घरात आणला. घर ओस पडलं. वाळवी खांबाला लागली. शहरातले लाकूडवाले दोनदा येऊन खांबांवर टिचक्या मारून गेले. तेव्हा विहाराचे मोठे भंते म्हणाले होते, "चान्फोंग, जुन्या गोष्टींचं संग्रहालय उभं करतोय आम्ही. औत, मासे धरायच्या टोपल्या, चरखे, सगळं गोळा झालंय. घर तेवढं नाहीये. दे विहाराला. पुण्य दोघांच्या नावावर लागेल."

तिनं दिलं. एकाच अटीवर.

"दारावरच्या पट्टीला कुणी हात लावायचा नाही, भंते. मारायचं नाही तिला."

भंतेंनी बुद्धमूर्तीसमोर शब्द दिला. मग घर खांबांसकट उकलून विहारात नेलं आणि होतं तसं परत उभं केलं.

त्या मुलखात निजायच्या खोलीच्या दारावर एक कोरीव फळी असते. वेलबुट्टी, पानं, फुलं. घरधन्याचं बळ तिच्यात वस्तीला असतं. पुरुषाचं कुठलं बळ, ते तिच्या नावातच आहे, आणि लग्नघरी बायका त्यावरून पोट धरून हसतात. नवं घर बांधताना सुतार धन्याला बोलावतो, वाशावर पाऊल ठेवायला लावतो आणि त्या पावलाच्या मापानं दार कापतो. तीन पावलांचं दार, दाराएवढी पट्टी. म्हणून एकाची पट्टी दुसऱ्याच्या दाराला बसत नाही. आणि घर दुसऱ्याच्या हाती गेलं, तर नवा धनी आधी काठी घेऊन त्या पट्टीला बडवतो, शिव्या देतो. जुन्याचं बळ निघून जावं, जागा मोकळी व्हावी म्हणून.

चान्फोंगला अजून आठवायचं. थोरली लेक पोटात होती. नान मून शेतातून तसाच आला आणि सुताराच्या वाशावर चिखलाचा पाय ठेवून उभा राहिला. सुतार ओरडला, "अरे धुऊन तरी ये! चिखलासकट मापलं तर दार मोठं होईल." नान मून म्हणाला, "होऊ दे. पोरं धावत जातील." ती पोटावर हात ठेवून हसत होती.

पोरं कुठं धावली? थोरली तापानं गेली. एक आम्फाय राहिली. दार मात्र खरंच जरा मोठं होतं.

*

संग्रहालयात चान्फोंग दिवसा मागावर बसायची. घराखाली, खांबांच्या सावलीत तिचाच जुना माग मांडला होता. बघणारे आले की तिनं विणायचं. बघणारे गेले तरी ती विणायचीच. घराजवळ बसायला मिळतं, एवढंच तिला पुरे होतं. शेजारी थिप बसायची. बांबूच्या टोपल्या विणणारी, दात नसलेली, तोंडाची फटकळ. दोघी एकाच वर्षी न्हात्या झालेल्या.

वर जायला मात्र चान्फोंगला विचारावं लागे. चूल होती, पण पेटवायची नाही. गाडगं होतं, त्यात पाणी नाही. निजायच्या खोलीच्या दाराला लाल दोरी बांधली होती, आणि आत तिचीच गादी, तिचीच मच्छरदाणी, कुणी तरी आत्ताच उठून गेल्यासारखी. एकदा ती सवयीनं दोरीखालून वाकून आत शिरली, तर सफाईवाली पोरगी म्हणाली, "आजी, आत नाही जायचं हं. बघायचं ते बाहेरून." पोरगी वाईट नव्हती. तिनं हसून सांगितलं. चान्फोंगनंही हसून मान डोलावली आणि मागं सरली.

त्या दिवशी शाळेची बस आली होती. बाई मुलांना ओसरीवर उभं करून वर बोट दाखवत होत्या.

"ही बघा मुलांनो, घरमालकाची शक्ती या लाकडात राहायची असं जुने लोक मानायचे. या घराचे मालक नान मून. तरुणपणी भिक्खू होते म्हणून त्यांना 'नान' म्हणायचे. मोठे कष्टाळू शेतकरी होते."

खालून चान्फोंगनं धोटा थांबवला.

"आहेत," ती म्हणाली.

बाईंनी वाकून बघितलं. "काय म्हणालात आजी?"

"होते नाही. आहेत. आहेत अजून."

बाई ओशाळल्या. त्यांनी हात जोडले. मुलं खाली डोकावून तिला बघायला लागली. औत बघितलं, टोपल्या बघितल्या, तशीच तिला.

बस गेल्यावर थिपनं बांबूच्या पात्या सोलायला घेतल्या. मग म्हणाली, "कसा आहे तो?"

"तसाच."

"जखम?"

"हाडाला लागलीय."

थिपनं चहाची आंबवलेली पानं गालात सरकवली. "चान्फोंग, आपण एका ताटात जेवलोय म्हणून बोलते. चिडू नको. त्याला कशानं धरून ठेवलंय, ठाऊक आहे ना तुला?"

चान्फोंग धागा जोडत होती.

"थंडीत तू आयुष्य वाढवायचा विधी घातलास. काठ्यांची तिवई, सुताचा दोरा, नऊ भिक्खू. त्याआधी पट्टीवर मार पडू दिला नाहीस. वरून बांधलंस, खालून बांधलंस. माणूस सुटायचा कुठून?"

"गप बस."

"सगळं गाव बोलतंय. मी तोंडावर बोलते एवढंच. घर विहाराला गेलं, पण घरधनी अजून वर बसलाय." तिनं हनुवटीनं ओसरीकडं खूण केली. "इथं त्याचं बळ टवटवीत, लोक फोटो काढतात. तिथं देह सडतोय. म्हशीला असं ठेवलं असतंस का तू?"

चान्फोंगनं जोडलेला धागा परत तुटला. तिनं तो तोंडात घालून ओला केला, पण फणीतली सुईएवढी फट तिला दिसेना.

*

संध्याकाळी तिनं लेकीजवळ विषय काढून बघितला. आम्फाय भाताची पेज गाळत होती.

"लोक म्हणतात, पट्टीवर मार पडला असता तर..."

"तर काय?" आम्फायनं पातेलं आपटलं. "बाबा मेले असते? कोण म्हणालं? थिपमावशीच ना? तिला सांग, आधी स्वतःच्या टोपल्या बघ. आई, धुरानं दम लागतोय त्यांना. एकदा धूर हटला की बघ. परवा माझं बोट धरलं त्यांनी."

"धरलं?"

"घट्ट. तू नव्हतीस."

चान्फोंग उठली. आत जाऊन ती नवऱ्याशेजारी बसली. तो भिंतीकडं बघत होता. त्याचा चांगला हात चटईवर हलकेच आपटत होता, थांबत होता, परत आपटत होता. जिन्याशी येऊन कुणी वर यायची परवानगी मागावी तसा.

तरुणपणी तो असाच यायचा. पोरी संध्याकाळी ओसरीवर निखाऱ्याच्या उजेडात कापूस पिंजत बसायच्या, आणि गावातली पोरं या घरून त्या घरी हिंडायची, एकतारी वाजवत. नान मूनला एकतारी वाजवता येत नव्हती. तो जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवायचा. तिनं चरखा न थांबवता म्हणायचं,

*कोण वाजवितं दार, वारा की पाखरू?*

आणि खालून, अंधारातून, हसू दाबत,

*वाट चुकलं, पाणी दे गं, मी एक वासरू.*

वासरू चांगलं बैलाएवढं होतं. तिची आई आतून खाकरायची. ती गाडग्यातलं पाणी करवंटीत ओतून द्यायची, आणि तो तहान नसताना सगळं प्यायचा.

*

दुसऱ्या दिवशी ती भंतेंकडं गेली. ते आंब्याखाली पानं झाडत होते. तिला बघून त्यांनी झाडू ठेवला, पायरीवर बसले. ती खाली बसून तीनदा वाकली.

"भंते, तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता. पाळलाय."

"तो मला परत करायचाय."

झाडलेल्या पानांवर वरून अजून पानं पडत होती.

"मला सोडवा त्यातून," ती म्हणाली. "मारू दे कुणाला तरी पट्टीला. तुम्ही म्हणाल तो."

"चान्फोंग, पट्टीला मारतो कोण? नवा धनी. या घराचा नवा धनी कोण? विहार. म्हणजे आम्ही." त्यांनी आपल्या चिवराची कड बोटांत धरली. "माणूस मरावा म्हणून भिक्खूनं काठी उचलायची? काठी राहू दे. 'बरं होईल गेला तर' असा शब्द जरी मी तोंडून काढला, तरी हे वस्त्र माझ्या अंगावर राहत नाही. मला हो म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर तू रडशील. म्हणून मी काही ऐकलंच नाही."

"मग त्यांनी असंच पडून राहायचं?"

"मी रोज येऊन सुत्त म्हणतो. त्यांच्यासाठी म्हणतो आणि तुझ्यासाठीही." भंतेंनी झाडू परत हातात घेतला. नान मून आणि ते एकाच वर्षी मुंडन केलेले. एकानं वस्त्र सोडलं, एकानं ठेवलं. "तो मला 'लहाना' म्हणायचा. माझ्या वाटणीची भिक्षा तो खायचा." ते उठले आणि परत पानं झाडू लागले.

तिथून ती सोम-रितकडं गेली. सोम-रित पूर्वी मुखिया होता, आता संग्रहालयाच्या मंडळाचा अध्यक्ष. जाडजूड, हसरा, कपाळावर कायम घाम. तो आवारात बांबूची चौकट उभी करून घेत होता. तिनं घाबरत घाबरत सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी, तिला कसं मारणार? संग्रहालयाचा जीव आहे तो. अख्ख्या जिल्ह्यात एवढं जुनं, धड काम दुसरीकडं नाही. एक पाकळी तुटली तर बाहेरचे लोक आम्हाला फाडून खातील. पण बघ, बरी आलीस." तो चौकटीकडं वळला. "नव्या वर्षाच्या सणाला पाहुणे येणार आहेत. आपण ही रीत करून दाखवणार. पट्टी बडवायची रीत. नव्या पोरांनी कुठं बघितलीय? म्हणून ही खोटी पट्टी केलीय."

खोटी पट्टी खाली गवतावर वाळत होती. पातळ फळीवर पिवळ्या रंगानं फुलं काढली होती. बरी काढली होती.

"मी नवा धनी होणार, काठी घेऊन. आणि जुन्या धन्याची बायको कुणी तरी पाहिजे. बसायचं आणि रडायचं. तुझ्यासारखी दुसरी कोण मिळणार? घरही तुझंच. लोकांना खरं वाटेल."

चान्फोंगनं रंगवलेल्या फुलांकडं बघितलं.

"रडायचं?"

"थोडंसं. 'नका हो मारू' म्हणायचं."

"बरं," ती म्हणाली.

मागून थिप ऐकत होती. सोम-रित लांब गेल्यावर ती पचकन थुंकली. "याच्या आईला! तुला रडायला लावतोय, तेही खोटं."

"त्याचं काय चुकलं?" चान्फोंग म्हणाली. "त्याला काय ठाऊक?"

*

सणाआधीच्या दिवसांत नान मूनचं अंग आगीसारखं तापलं. जखमेला वास सुटला. उदबत्त्या लावून, चुनखडी टाकूनही तो दाराबाहेर यायचा. शेजारची माणसं बोलता बोलता नाक चोळायची आणि मग लाजून धुरालाच नावं ठेवायची. पेज घशाखाली जाईना. चान्फोंग कापसाचा बोळा पाण्यात भिजवून ओठांशी धरायची, पाणी कोपऱ्यातून वाहून जायचं. आम्फाय बाहेर जाऊन चुलीशी बसायची, मग डोळे पुसून परत यायची आणि म्हणायची, "आज जरा बरं आहे."

एका दुपारी लेक पाण्याला गेल्यावर चान्फोंग त्याच्या कानाशी वाकली. "तुमच्या मनात काय आहे हो? जायचंय का?" तो भिंतीकडं बघत होता. "जायचं असेल तर डोळा मिटा."

त्यानं डोळा मिटला. मग उघडला. मग परत मिटला. माणसाचे डोळे मिटतातच, उघडतातच. त्यातून काय घ्यायचं ते तिला कळेना. ती त्याचे पाय धुवायला गेली. एक पाऊल तिनं आपल्या वितीनं मोजलं. विती आखडल्या होत्या की पाऊल, कोण जाणे. जुन्या मापाशी काहीच जुळेना.

*

सणाच्या दिवशी विहाराचं आवार भरून गेलं. पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती, पण धुरात ते पाणीही मळकं दिसत होतं. म्हाताऱ्या माणसांच्या हातांवर लेकी-सुना सुवासिक पाणी घालत होत्या आणि आशीर्वाद मागत होत्या. आम्फाय घरी बापाजवळ थांबली होती. निघताना तिनं आईच्या हातांवर मोगऱ्याचं पाणी घातलं होतं, एका वाटीत बापाचा चांगला हात भिजवला होता.

घराच्या समोर, उघड्यावर, बांबूची चौकट उभी होती. वर खोटी पट्टी. भंते पलीकडं आंब्याखाली बाकावर बसले होते. सोम-रितनं डोक्याला लाल फडकं बांधलं, चिंचेची काठी घेतली आणि मिशीवरून हात फिरवला. लोक हसले.

चान्फोंग चौकटीशी बसली. तिला तिचं जुनं, हातानं विणलेलं नेसूचं नेसायला लावलं होतं.

"ए जुन्या धन्या!" सोम-रित गरजला. "घर माझं झालं, जिना माझा झाला! तू अजून दारावर बसलास होय रे? चल, नीघ!" आणि धाडकन काठी मारली. पातळ फळी फड्-फड् वाजली. कुणी तरी शिटी घातली. "ही घे! बाहेर हो, म्हाताऱ्या! तुझं आता उरलंय काय?"

हशा पिकला. सोम-रितनं तिच्याकडं बघून भुवई उडवली. आता तिचं वाक्य होतं.

चान्फोंग उठली. ती त्याच्याजवळ गेली आणि काठीला हात घातला. त्याला वाटलं, बाईनं स्वतःहून काही सुचवलंय. त्यानं हसत हसत काठी सोडली. ती वळली. जिन्याशी पाय झाडले. वर चढली. प्रत्येक पायरी कुठं कुरकुरते ते तिला ठाऊक होतं. माणसं कुजबुजत तिच्यामागं ओसरीवर आली, काहींनी फोन वर धरले. तिनं लाल दोरी खाली सारली आणि दारात उभी राहिली. पट्टी उंच होती. मांडून ठेवलेल्या वस्तूंतला चरख्याचा बुटका पाट तिनं पायानं ओढला आणि त्यावर चढली.

जन्मात तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. 'अहो' म्हणायची, नाही तर 'पोरीचे बाबा'.

"मून," ती म्हणाली.

काठी लागली. फार जोरात नाही. पण हे लाकूड फडफडलं नाही. ते घुमलं. अख्खं घर खांबांपर्यंत घुमलं. कोरीव वेलीतून वर्षांची धूळ तिच्या तोंडावर पडली.

"मून, नीघ. ऐकतोस का? घर तुझं नाही राहिलं. तुझ्या पायाचं दार, तुझं नाही राहिलं." परत मारलं. "काय धरून बसलास इथं? लेक मोठी झाली. भात पिकला, खाऊन झाला. म्हशी गेल्या. तुझं काही नाही इथं. हावऱ्या, निलाजऱ्या, जा!" तिला याहून वाईट शिव्या येत होत्या, पण आठवेनात. "जा रे. मी बांधलं होतं, मीच सोडते. मागं बघू नको. जा."

शेवटच्या तडाख्याला एक पाकळी तुटून उडाली आणि दारात पडली.

मग ओसरीवर टाळ्या सुरू झाल्या. खालून कुणी तरी ओरडलं, "वा, आजी!" टाळ्या आवारभर पसरल्या. कुणा पाहुणीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, आणि ती शेजारणीला सांगत होती की किती हुबेहूब केलं.

सोम-रित धापा टाकत वर आला. तो हसत होता, पण त्याचे डोळे पट्टीवरून फिरत होते. "काय काम केलंस वहिनी! कमाल केलीस!" बोलता बोलता त्यानं वाकून पाकळी उचलली, फुंकर मारून खिशात टाकली. "चिकटवून टाकू. दिसणार नाही." मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू ओठांवर तसंच अर्धं राहिलं. त्यानं तिला हात धरून पाटावरून उतरवलं.

ती खाली आली. थिप जिन्याशी उभी होती. तिनं चान्फोंगच्या तोंडावरची धूळ आपल्या पदरानं पुसली. आंब्याखाली भंते डोळे मिटून बसले होते. ऐकू मात्र आलं असणारच.

*

घरी जायला तिनं लांबची वाट धरली. बांबूच्या बनात ती थांबली. हात अजून झिणझिणत होता. पुढं गेलं की लेकीचं रडणं ऐकू येईल, असं तिला वाटत होतं. ती थोडी पुढं जाई, कान देई. नुसते बांबू एकमेकांवर घासत होते.

अंगणात पाऊल टाकलं तर आम्फाय धावतच आली. गाल लाल, केस सुटलेले.

"आई! कुठं होतीस? बाबा बोलले!"

चान्फोंगनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

"खरंच! दोन शब्द. मला कळले नाहीत, पण बोलले. ताप उतरलाय, अंग गार आहे. मी म्हणत नव्हते? म्हणत नव्हते मी?" ती हसत होती आणि रडतही होती. "पेज करते. चिकट भात मऊ करून देऊ का?"

ती चुलीकडं पळाली. चान्फोंग आत गेली. तो उताणा होता. करवत थांबली होती. श्वास आता लहान, उथळ, सावकाश. डोळे भिंतीवरच, पण निवळलेले, ओढ्याच्या पाण्यासारखे, पाणी असायचं तेव्हाच्या. ती त्याच्या उशाशी बसली. तिच्या केसांतून अजून पट्टीवरची धूळ पडत होती.

त्याचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

"कोण..." तो म्हणाला. मग थांबला. मग, "कोण वाजवितं... दार?"

तिथून इथवर घंटाही धड ऐकू येत नाही, मग काठी कुठली. ती त्याच्या नजरेनं भिंतीकडं बघत राहिली, जिथं दार नव्हतं.

"वासरू," ती म्हणाली. "वाट चुकलंय हो. पाणी मागतंय."

त्याच्या चांगल्या बाजूच्या गालावर काही तरी हललं. तिनं कापूस भिजवून ओठांशी धरला. एक घोट खाली उतरला. तिनं गळ्यावर बोट ठेवून पाहिला. दुसराही उतरला. तिसरा तोंडातच राहिला आणि कोपऱ्यातून हळूच बाहेर आला. तिनं तो नेसूच्या कडेनं टिपला, आणि बोट तिथंच, गळ्यावर ठेवून बसली.

चुलीकडून आम्फायची हाक आली. "आई, कालवू का भात?"

"राहू दे," चान्फोंग म्हणाली. "दार उघड तेवढं."

"उघडंच आहे की गं, आई."